शेजपाळी

खोलीत बारा खुर्च्या होत्या. आठ प्लॅस्टिकच्या, तीन लोखंडी घडीच्या आणि एक लाकडी, जिचा डावा हात कधीतरी मोडून गेला होता. एक फळा, फळ्याच्या कडेला दीड खडू, एक ट्यूबलाइट आणि तिच्यामागे दोन पाली. भिंतीवर क्लासचा मालक सोमनाथ याने लाल रंगात लिहून घेतलेलं वाक्य: साठ दिवसांत अस्खलित इंग्रजी. खिडकी एकच, तीही बारामतीच्या एसटी स्टँडकडे उघडणारी. वर्गात शिरण्याआधी दारात उभं राहून हे सगळं मोजायची मेघनाला सवय होती. प्रयोगाला हात घालण्यापूर्वी टेबलावर काय काय आहे ते पाहून घ्यायचं, हे बी. एस्सी.ला अंगवळणी पडलं होतं आणि एमआयडीसीतल्या डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावर पक्कंच झालं होतं. वस्तू मोजून झाल्यावर तिने माणसं मोजली. कालपर्यंत अकरा होती. आज बारा. बारावा माणूस दाराला लागून असलेल्या लाकडी खुर्चीत बसला होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टोपी, टोपीवर दोन्ही हात. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. तिने आधी नखं ओळखली आणि मग चेहरा. रणवरे सर. सगळ्यांबरोबर तेही उठले, टोपी मांडीवरून खाली पडली, ती न उचलता त्यांनी इतरांच्या सुरात सूर मिळवला, "गुड इव्हिनिंग, मॅडम."

तिने सगळ्यांना बसायला सांगितलं आणि पुसायला काही नसताना फळा पुसला. पाठीमागे टोपी उचलल्याचा, ती झटकल्याचा आवाज आला. फळ्यावर डस्टर फिरवताना तिला आपलं मनगट दिसत होतं, त्यावरची शीर दिसत होती, आणि त्या शिरेतून जे धावत होतं ते भीती नव्हे, एवढं तिने तिथल्या तिथे ठरवलं. सोमनाथ दारातून डोकावून खुणेने तिला जिन्यापाशी घेऊन गेला. "नवीन ॲडमिशन हाय मॅडम. रिटायर मास्तर हायेत. त्यातबी इंग्रजीचेच." त्याला हसू आवरत नव्हतं. "नातीला इंग्लिश मीडियमला घालायचीय. तितं घरच्या माणसाची मुलाखत घेत्यात न्हवं का, इंग्रजीत. पोरानं फॉर्मवर झोकात लिवलं, आजोबा इंग्रजीचे शिक्षक. शाळेनं सांगितलं, मग आजोबांनाच आणा. आता मास्तर अडकले. तसं आपलं सर्टिफिकेट दाखवलं की मुलाखत नुसती नावाला ऱ्हाती, हेडबाई वळखीच्या हायेत माझ्या. तेवढं एक सर्टिफिकेट करून टाका त्यांचं." मेघना म्हणाली, "साठ सेकंद बोलले तर मिळेल." सोमनाथ म्हणाला, "व्हय व्हय, तुमचा कायदा ठाव हाय मला."

कायदा तिचाच होता आणि पद्धतही तिची. खुर्च्या गोल मांडायच्या. दिलेल्या विषयावर एकेकाने दोन मिनिटं बोलायचं, हातात कागद न घेता. चुकलं तरी चालेल, थांबलं तरी चालेल, पण मराठी नको आणि कुणी कुणाला हसायचं नाही. तिच्या हातात स्टॉपवॉच असे. माणूस बोलायला लागला की बटण दाबायचं, गप्प झाला की थांबवायचं, पुन्हा बोलला की पुन्हा सुरू. दोन मिनिटांतली खरी बोललेली सेकंदं तेवढी शिल्लक राहायची आणि ती एका दशांशापर्यंत फळ्यावर नावासमोर लिहिली जायची. कुणी अडकलं की ती त्याला पुढच्या वाक्याचा पहिला शब्द द्यायची. एकच शब्द. तेवढ्यावर माणूस पुन्हा चालू लागतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. पंपाला दोरी ओढून एकदा झटका दिला की पुढे तो आपला आपण पाणी फेकतो, तसं. दवाखान्यात रिसेप्शनला असलेली कौसल्या पहिल्या दिवशी सात सेकंद बोलून रडली होती. आता ती नव्वदवर गेली होती आणि डॉक्टरांच्या सह्या कशा वाचता येत नाहीत यावर इंग्रजीतून विनोद करत होती. आकडा माणसाशी खोटं बोलत नाही, म्हणून मेघनाला आकडा आवडायचा.

त्या संध्याकाळी विषय होता, माझं गाव. फळ्याजवळून सुरुवात झाली. एकेक जण उठत होता, बटण दाबलं जात होतं, सुटत होतं, आणि ती गोलाच्या कडेने सरकत दाराकडे चालली होती. लाकडी खुर्चीपाशी आली तेव्हा सर उठायच्या तयारीत होते. पुढे झुकलेले, दोन्ही पंजे गुडघ्यांवर, ओठ आवाज न करता हलत होते. शर्टाच्या निळीचा वास आला. तोच वास. पुढचं तिने ठरवून केलं नाही. तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमचं राहू दे. पुढं." आणि ती पुढच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. कौसल्या टाळी वाजवून ओरडली, "मॅडम मराठी बोलल्या! मॅडम, दंड! चहा पाजा!" सगळे हसले. मेघनाही हसली. हसताना तिने तिरक्या नजरेने पाहिलं. सरांचे ओठ थांबले होते.

तुझं ऱ्हाऊ दे. पुढं. या चार शब्दांची चाल तिला इतकी पाठ होती की कुठल्या अक्षरावर आवाज उतरतो तेही सांगता आलं असतं. कळंबहून पायी ज्या शाळेत ती जायची तिथे आठवी ते दहावी इंग्रजीला रणवरे सर होते. धडा वाचायची त्यांची एक रीत होती, तिला ते शेजपाळी म्हणायचे. कालव्याचं पाणी चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पाटाला, सुटलं की आधी शेवटच्या शेताला द्यायचं आणि मग एकेक नंबर लावत मुखाकडे यायचं, ही पाण्याची शेजपाळी शाळेतल्या सगळ्या पोरांना माहीत होती, कारण सगळ्यांच्या घरी त्यावरून भांडणं व्हायची. सर पुस्तक उघडून म्हणायचे, "चला, शेजपाळी. शेपटाला आधी पाणी, हा न्याय." आणि टाचा वाजवत मागच्या बाकापर्यंत यायचे. मागचा बाक दारापाशी होता. त्यावर मेघना एकटी बसायची. धड्याच्या पहिल्या ओळीखाली बोट ठेवून, पाय आधीच बाकाबाहेर काढून, घसा दोनदा साफ करून. सर तिच्याजवळ येऊन थांबायचे. रोज थांबायचे, हे विशेष. न थांबता पुढे गेले असते तर ती गोष्ट वेगळी झाली असती. थांबून तिच्या पुस्तकाकडे, बोटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "तुझं ऱ्हाऊ दे. पुढं." मग पुढच्या बाकावरची जयवंता उठून तीच ओळ वाचायची, आणि मेघनाचं बोट त्या ओळीखालून दुसऱ्याच्या आवाजाबरोबर सरकत जायचं. चारीच्या शेपटाला खरंच आधी पाणी मिळतं का, हा प्रश्न लोंढ्यांच्या, म्हणजे मेघनाच्या, घरात कुणी विचारत नसे. तिच्या वडिलांचं अर्धं एकर शेपटालाच होतं.

शाळा सुटल्यावर ती कालव्याच्या भरावावर शेळ्या घेऊन जायची आणि वर्गात न वाचलेला धडा तिथे मोठ्याने वाचायची. पाण्यावरून आवाज लांब जायचा. आई, मालनबाई, गवताचा भारा घेऊन यायची ती लांबूनच हाळी द्यायची, "कुणाला शिव्या घालतीस गं?" मेघना म्हणायची, धडा वाचतेय. "मग शेळ्यांना कशाला वाचून दावतीस? त्यांची परीक्षा हाय व्हय?" आणि भारा टेकवून तिथेच बसायची, एक अक्षर कळत नसताना पूर्ण धडा ऐकायची, संपल्यावर म्हणायची, "ग्वाड लागतंय. पर कुणावर वरडल्यागत का वाचतीस?" तेव्हा मेघनाला कळलं नव्हतं. आता कळत होतं. ती वाचत नव्हती, ती त्या वर्गात, त्या मागच्या बाकावरून, टाचा वाजवत दूर जाणाऱ्या पाठीमागे आपला नंबर फेकून मारत होती. पण उघड्यावर, शेळ्यांसमोर आणि आईसमोर वाचलेलं माणसांसमोर वाचता येत नाही, ते वेगळं असतं. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाने तिला इंग्रजीत विचारलं की आम्ल मोजताना रंग बदलून दाखवायला तू हा दर्शक का वापरलास, दुसरा का नाही. तिला उत्तर माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, आलेखासह डोळ्यांसमोर होतं. जवळच्या ब्युरेटची तोटी नीट बंद झाली नव्हती, तिच्या टोकाला थेंब फुगत होता, सुटत होता, पुन्हा फुगत होता. परीक्षक वाट पाहत होता, सभ्यपणे, हसतमुख. सगळं आत होतं आणि बाहेर यायची वाट मागच्या बाकापाशी बंद झालेली होती. परीक्षक शेजारी बसलेल्या कॉलेजच्या सरांना म्हणाला, नेक्स्ट. तेवढ्या गुणांनी पुण्याचं एम. एस्सी. गेलं. वर्गातल्या दोघी गेल्या. ती मागे राहिली, बारामतीच्या डेअरीत दुधाचं फॅट तपासत.

बोलायला ती पुढे डेअरीत शिकली. मशीन बसवायला मद्रासहून एक इंजिनिअर आला होता, त्याला मराठी येत नव्हतं, हिंदीही येत नव्हतं आणि त्याचं इंग्रजी तिच्याइतकंच मोडकं होतं. दोघांनी मिळून मोडक्या इंग्रजीत अख्खं मशीन उभं केलं. तो कधी हसला नाही, कारण हसायला त्याला वेळ नव्हता. त्याच दिवसांत तिने स्टॉपवॉच विकत घेतलं आणि स्वतःचं बोलणं मोजायला लागली. म्हणजे औषध इतकं साधं होतं. समोर एक माणूस, दोन मिनिटं, आणि नंबर आपला. हे ज्याने दिलं नाही त्याने काय दिलं नाही, हे तिला त्या वर्षी नेमकं समजलं, आणि समजल्यावर राग कमी होण्याऐवजी त्याला आकार आला.

आता रोज संध्याकाळी सहाला तो आकार लाकडी खुर्चीत येऊन बसत होता. दुसऱ्या दिवसापासून तिने ते जाणूनबुजून केलं. गोलाच्या कडेने येत यायचं, त्यांच्यापाशी थांबायचं, आधी त्यांच्या हातांकडे बघायचं, मग म्हणायचं, "तुमचं राहू दे. पुढं." थांबणं महत्त्वाचं होतं. ते तिने चुकवलं नाही. वर्गाला वाटलं, मास्तर वयस्कर आहेत, मॅडम मान देतात. कौसल्या एकदा म्हणालीसुद्धा, "सरांना सगळं येतंय, ते आपली परीक्षा घ्यायला बसल्यात." सर नुसते मान हलवायचे. फळ्यावर अकरा नावांसमोर आकडे भरत होते, वाढत होते, बाराव्या नावासमोर तिने रोज जागा तेवढी मोकळी ठेवली. शून्यही लिहिलं नाही. शून्य लिहायला आधी घड्याळ लावावं लागतं. डेअरीत सकाळी फॅट काढताना ती हे मनात पुन्हा घडवून पाहायची. काचेच्या नळीत आधी तीव्र आम्ल, मग त्यावर हळूच दूध, मग हलवायचं. नळी हातात चटका लागेल इतकी तापते, दुधाचं दूधपण जळून काळं होतं, आणि फिरवून काढलं की वर फक्त फॅटचा स्वच्छ पिवळा स्तंभ उभा राहतो, रेघेवर वाचता येणारा. तिला वाटायचं, आपण रोज तेच ओततो आहोत. एक दिवस मास्तरांतलं बाकी सगळं जळून जाईल आणि आपल्याला जे वाचायचं आहे ते रेघेवर येईल. काय वाचायचं होतं? त्यांना कळलं पाहिजे, एवढंच. बोट ओळीखाली ठेवून बसणं म्हणजे काय, ते.

पण ते रेघेवर येत नव्हतं. ती बारकाईने बघत होती. ते वेळेवर यायचे, रोज इस्त्रीचा शर्ट, खिशात घडी केलेला कागद, त्यावर घरून काहीतरी लिहून आणलेलं. नंबर जवळ येईल तसे ओठ हलायचे, मानेची शीर फुगायची. आणि "पुढं" म्हटलं की चेहऱ्यावर काहीतरी यायचं खरं, पण ते तिला ओळखू येत नव्हतं. अपमान झालेल्या माणसाचे खांदे वर जातात. यांचे खाली यायचे. तिसऱ्या आठवड्यात तिला शंका आली की आपण उपकरण चुकीचं लावलं आहे.

क्लास सुटल्यावर ती वालचंदनगरकडे जाणारी गाडी पकडायची. त्याच गाडीला सरही असायचे, पुढे, ड्रायव्हरच्या मागे. त्या गुरुवारी ते मागे तिच्या शेजारी येऊन बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. गाडी एमआयडीसीच्या फाट्याला सुटलेल्या कामगारांच्या मोटारसायकलींतून वाट काढत होती. ड्रायव्हर एकेकाचा उद्धार करत होता. सर समोर बघतच म्हणाले, "मेघना लोंढे. मागचा बाक."

"ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी. म्हटलं तू बोलशील आधी. तू न्हाय बोललीस. म्हटलं आपण कशाला." थोडा वेळ ते टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले. "लई मोठं काम करतीस बाळ माझं. ध्येनात येतंय माझ्या. रोज घरातनं निघताना वाटतं, आज काय नंबर चुकत न्हाय. अन् तू जवळ येऊन ते 'पुढं' म्हटलीस की जीव भांड्यात पडतो बघ. अकरा जणांत हसं होऊ दिलं न्हाईस माझं. दुसरं कुणी असतं तर मुद्दाम उभं केलं असतं."

खिडकीची काच खडखडत होती.

"एकतीस वर्षं शिकवलं," सर म्हणाले. "पण बोलणार कुणाशी? गाईडातलं भाषांतर फळ्यावर लिवायचं, पोरांनी उतरून घ्यायचं. मोठ्यानं वाचायचं ते पोरांचं काम. ती शेजपाळी मी काढली ती काय उगा? मला वाचाय लागू नये म्हणून. साहेब तपासणीला आले तरी पोरांकडनंच वाचून घ्यायचो." ते हसले. मग तिच्याकडे वळले, जरा आपुलकीने, जरा गुरुजनाच्या अधिकाराने. "तुलाबी मी असंच राखलं. आठवतं का? तुझा चुलतभाऊ रवींद्र तुझ्या आधी दोन वर्षं होता माझ्याकडं. त्याला उभा केला होता मी. पहिल्याच ओळीला पोरं हसली. वर तुमच्या वस्तीवरनं काहीबाही बोलली. दुसऱ्या दिवशी पोरगं आलंच न्हाय, ते आलंच न्हाय. लई लागलं मला ते. मग तू आलीस. हुशार हायेस हे दिसत हुतं. म्हटलं, हिला उभी करायची न्हाय. बसून का होईना, शिकू दे."

रवींद्र आता एमआयडीसीत टेंपो चालवत होता. शाळेचा विषय निघाला की म्हणायचा, मास्तर चांगला हुता, पोरं वाईट हुती. म्हणजे हे खरं असणार. मेघनाने ते एकदा उलट, एकदा सुलट तपासून पाहिलं आणि ते खरंच निघालं. तिला आपल्या आत काहीतरी सैल पडेल अशी भीती वाटली. तिने विचारलं, "हसणाऱ्या पोरांना काय केलंत सर?"

"आं?"

"रवींद्रला हसली ती पोरं. त्यांना काय शिक्षा केलीत?"

सरांनी टोपी फिरवायची थांबवली. "त्यांना काय करणार? गावातली पोरं ती. त्यांचे बाप शाळेच्या कमिटीवर." मग, तो विषय संपल्यासारखं, "शनिवारी शेवटचा तास हाय म्हणं. घरची माणसं बोलवल्यात सोमनाथनं. आमची ही येणार हाय, छकुली येणार हाय. छकुलीला सांगून ठेवलंय सगळ्यांनी, तुझा आबा लई इंग्रजी बोलतो. तेवढा शनिवार सांभाळून घे. माझ्यापाशी आलीस की आपलं नेहमीचं म्हण. अन् ते सर्टिफिकेट. सोमवारी तो कागद दावला की पोरीचं काम झालं. पाच वर्षांची हाय. तिला तरी माझ्यासारखं गप्प बसाय लागू नये."

"बघू," मेघना म्हणाली. त्यांना तो होकार वाटला. कळंबच्या अलीकडे ते उतरले, खाली उभं राहून त्यांनी खिडकीतल्या तिला नमस्कार केला, दोन्ही हातांनी.

शुक्रवारी डेअरीत तिने एक नमुना दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. तिने नळ्या धुऊन ठेवल्या आणि खिडकीपाशी उभी राहिली. खाली टँकर दूध सोडत होते. ज्याला ती आम्ल समजून ओतत होती ते त्या माणसाला औषध म्हणून लागू पडलं होतं, ही एक गोष्ट. ज्याला ती आयुष्यभर लाथ समजत आली ती त्याने दया म्हणून दिली होती, ही दुसरी. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून उदासीन व्हायला हव्या होत्या, आम्ल आणि अल्क यांच्यासारख्या, खाली थोडं मीठ आणि पाणी उरायला हवं होतं. तिने वाट पाहिली. तसं झालं नाही. उलट, द्वेषाने वगळलेलं तिला सोसलं असतं, असं तिच्या लक्षात यायला लागलं. द्वेष करणारा निदान आपल्याला मोजत असतो. हा माणूस जवळ यायचा, थांबायचा, बोट ओळीखाली आहे हे बघायचा, ही वाचू शकते हे त्याला दिसत असायचं, आणि हसणाऱ्या पोरांना गप्प करण्याऐवजी तो तिला गप्प करायचा. ते स्वस्त पडत होतं. आणि वर त्याला आठ वर्षांनी तिच्याकडून तीच वस्तू परत हवी होती, पुन्हा एकदा, नातीच्या देखत, कागदासह. तिने मागितली नव्हती तेव्हा मिळालेली वस्तू. तिला कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी निदान मागितली होती. आणि मग तिला अगदी शांतपणे, उत्तर सापडल्यावर वाटतं तसं, वाटलं, की तीन आठवडे आपण उलटा प्रयोग करत होतो. सरांना सुटका द्यायची नसेल तर ते "पुढं" द्यायचं नाही. त्यांना ते द्यायचं जे त्यांनी दिलं नाही. पूर्ण दोन मिनिटं, समोर माणसं, आणि नंबर त्यांचा.

शनिवारी सोमनाथने खालच्या हॉटेलातून बाकडी आणून भिंतीला लावली होती. नातेवाईक दाटीवाटीने बसले होते, अत्तराचा आणि नव्या साड्यांचा वास कोंडला होता. कौसल्याची आई पेढे घेऊन आली होती. दाराजवळ सरांच्या पत्नी, ठमाबाई, आणि त्यांच्या मांडीवर लाल फ्रॉक घातलेली, दोन रिबिनी बांधलेली छकुली. ठमाबाई शेजारणीला सांगत होत्या, "घरात मुके बसत्यात ओ. हितं तरी काय बोलत्यात बघू म्हणून आले." सर ऐकून हसले. त्यांचे ओठ आज हलत नव्हते. खांदे आधीच खाली होते. खिशात कागदाची घडी मात्र होती.

मेघनाने सगळ्यांना नियम सांगितले, पाहुण्यांसाठी मराठीतून. कुणी हसायचं नाही. जो हसेल त्याला बाहेर जावं लागेल, मग तो कुणीही असो. ज्यांचे साठ सेकंद भरतील त्यांनाच सर्टिफिकेट, त्यावर तिची सही. विषय, माझी शाळा. वेळ कौसल्या बघेल. मग तिने टेबलावरून स्टॉपवॉच उचललं आणि फळ्याजवळच्या खुर्चीकडे न जाता सरळ दाराकडे चालत गेली. चपलेचा आवाज होतो आहे हे तिला ऐकू येत होतं. लाकडी खुर्चीपाशी ती थांबली.

"आज शेजपाळी," ती म्हणाली. "शेपटाला आधी पाणी. सर, तुमच्यापासून."

पाहुण्यांत खुसखुस झाली, शेजपाळी शब्द सगळ्यांच्या ओळखीचा. तिने मान वर केली तशी खुसखुस थांबली. सर तिच्याकडे बघत होते, अजून हसऱ्या चेहऱ्याने. पुढचा शब्द येईल म्हणून ते वाट पाहत होते. आला नाही. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिला ओळखू आलं.

ते उठले. हात खिशाकडे गेला. "कागद नको," ती म्हणाली. हात खाली आला. छकुली आजीच्या मांडीवरून उतरून पुढे आली आणि आबांच्या अगदी समोर, मान वर करून उभी राहिली. कौसल्याने घड्याळ पाहून खूण केली.

"माय नेम इज सर्जेराव रणवरे," सर म्हणाले. मेघनाने बटण दाबलं होतं. ते थांबले, तिने थांबवलं. "आय वॉज टीचर." दाबलं. "इंग्लिश टीचर." थांबवलं. बाहेर स्टँडवर इंदापूरच्या गाडीची आरोळी झाली. सरांच्या मानेची शीर फुगली, ओठ हलायला लागले, ते कोणता शब्द शोधत आहेत हे तिला दिसत होतं. माय स्कूल, एवढाच होता तो. माय म्हटलं की त्यांचं त्यांना पुढचं सापडलं असतं. इतर कुणाला तिने तो आतापर्यंत दिला असता. तो तिच्या जिभेच्या टोकावर होता, आणि कौसल्या तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होती. कुणी हसलं नाही. हसणाऱ्याला ती खरोखर बाहेर काढणार होती. खोली इतकी शांत होती की तिला अंगठ्याखालच्या बटणाची स्प्रिंग जाणवत होती.

"आबा, म्हणा की," छकुली म्हणाली.

"थर्टी वन इयर्स," सर म्हणाले, छकुलीलाच.

मग ते तसेच उभे राहिले. बसले नाहीत, नजर वळवली नाही, हात पुन्हा खिशाकडे नेला नाही. नातीकडे बघत, ओठ मिटून, वेळ संपेपर्यंत उभे राहिले. ठमाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. कौसल्याला "टाइम, मॅडम" दोनदा म्हणावं लागलं. मेघना फळ्याकडे वळली, अर्धा खडू उचलला, आणि बाराव्या नावासमोरच्या मोकळ्या जागेत लिहिलं.

एकूण वेळ १२० सेकंद. बोलणं ९.४ सेकंद.